अंदाजे एक

१८ नोव्हेंबर, आर्णी

पोचले एकदाची. एसटीत खिडकी मिळाली. शेजारच्या बाईने न विचारता ओंजळभर फुटाणे दिले आणि उतरताना, सख्ख्या पोरीला सांगावं तसं, "सांभाळून जाय वं" म्हणाली. पुण्यात एवढी वर्षं काढली; फुटाण्यांचं सोडा, लिफ्टमध्ये कुणी नजरेला नजर दिली नव्हती. कंपनीने कपात केली तेव्हा पुणं सुटल्याचं वाईट वाटलं होतं, आज वाटलं की बरंच झालं.

नोकरी गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीत आहे. डेटाबेस सांभाळायचा. ऑर्डर टेम्पररी आहे, तीन महिन्यांची. मालक किसनराव म्हणाले, काम पाहू, कहकशां मॅडम, मग पक्कं करू. क्वार्टर आवारातच आहे. पंखा आवाज करतो, पण खिडकीतून कापसाच्या गंज्या दिसतात, दुमजली घराएवढ्या, उन्हात बघवत नाहीत इतक्या पांढऱ्या.

अब्बांना फोन केला. ते बोरी अरबला मोटारपंप दुरुस्त करतात आणि जगातलं कुठलंही यंत्र म्हणजे पंपच असं समजून सल्ला देतात. म्हणाले, आधी मशीन काय बोलते ते ऐक, मग खोल. रोज मगरिबच्या नमाजनंतर फोन करणार आहेत. मी म्हटलं, अब्बा, मी आता लहान आहे का? म्हणाले, फोन माझा आहे, मी करीन.

ही डायरी पाचवीच्या मराठीच्या बाईंनी लावलेली सवय. राग आला की लिहायचं, म्हणजे हात दुसरं काही करत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

१९ नोव्हेंबर

आज फॅक्टरी पाहिली. ट्रॅक्टर कापूस आणतात, बाया तो पायांनी आणि हातांनी ढकलत हवेच्या मोठ्या पाइपापर्यंत नेतात, पाइप तो ओढून रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर टाकतो, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. हवेत सतत कापसाचे तंतू. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. मीही दुपारपर्यंत म्हातारी दिसायला लागले.

माझं दुखणं मात्र फाटकावर आहे. सकाळी आत येताना कामगार मशीनवर अंगठा लावतात, मशीनमधली बाई "धन्यवाद" म्हणते आणि दांडा फिरतो. बाहेर जाताना पुन्हा अंगठा; आम्ही क्वार्टरवालेही पाळी सुरू होताना आणि संपताना लावतो. विमा कंपनीची अट आहे की आत कोण आहे हे केव्हाही सांगता आलं पाहिजे, कारण कापूस पेटला की पळापळ होते. संध्याकाळी सगळे बाहेर पडेपर्यंत पाळी बंद करता येत नाही. कुणी आत राहिलं तर भोंगा वाजतो. कागदावर किती छान.

प्रत्यक्षात दुपारपर्यंत सिस्टिम रांगायला लागते. मग फाटकावरचा ऑपरेटर अंकुर सर्व्हर रीस्टार्ट करतो. रोज! जेवणाची सुट्टी असावी तसा. रीस्टार्ट झाला की सकाळी आत आलेल्यांची नोंदच उडते. संध्याकाळी ते अंगठा लावतात तर मशीन "नोंद नाही, पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं, आणि अंकुर दांडा हाताने उचलून सगळ्यांना एकदम सोडून देतो. हजेरी मुकादम त्याच्या टोळीची सांगतो ती. मी विचारलं, मग मशीन कशाला? तो हसला. चांगला मुलगा आहे, पण हसला.

फाटकाबाहेर लिंबाखाली एक बाई बसलेली असते. धुरपताबाई, जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. वॉचमन रौशनचाचांनी सांगितलं की तिची पोरगी जमनी मागच्या सीझनला इथे कामाला होती, "कोनासंग तरी निंघून गेली असन, बेटा." बाई रोज एकदा फाटकाशी येते, एकच विचारते, आणि परत लिंबाखाली जाते. काय विचारते? "माही पोरगी आत गेली, बाहीर काहून नाही आली?" हे सांगताना चाचांनी तिची नक्कल केली. मला आवडलं नाही.

२१ नोव्हेंबर

सापडलं! इतकं साधं की ज्याने हे बांधलं त्याला समोर उभं करून दोन शब्द ऐकवावेसे वाटतात.

रोज सकाळी फाटकाचा प्रोग्रॅम एक टेम्पररी टेबल तयार करतो. आत आलेल्यांची नावं त्यात, म्हणजे कच्ची नोंद. पाळी संपली की ती पक्क्या हजेरीत जाते आणि टेबल नष्ट होतं. मध्येच सर्व्हर बंद केला तर नावांसकट नष्ट. टेम्पररीच ते.

आता, डेटाबेसच्या आत एक भाग असतो, जो काम कसं करायचं ते आधी ठरवतो. लग्नातल्या आचाऱ्यासारखा. किती पानं उठणार हे त्याला सांगावं लागतं. ते सांगणारी माहिती म्हणजे स्टॅटिस्टिक्स. पक्क्या टेबलांची तो आपोआप गोळा करतो, पण टेम्पररी टेबलाची "आता मोज" असं सांगितल्याशिवाय करत नाही. आणि कुणी सांगितलंच नाही. मग आचारी काय करतो? धरून चालतो की एकच पान आहे. प्लॅनमध्ये चक्क लिहिलेलं: अंदाजे ओळी, एक. आत शेकडो माणसं, आणि हा एका माणसाच्या चुलीवर एकेकाचं जेवण रांधत बसलेला. प्रत्येक अंगठ्यासाठी सगळी जुनी हजेरी पहिल्यापासून वाचतो. दम लागणार नाही तर काय?

एक ओळ घालायची आहे. "मोज." बस. एका ओळीसाठी माणसं रोज संध्याकाळी ताटकळली.

२३ नोव्हेंबर

ओळ घातली. काय पळतंय! संध्याकाळी बाया अंगठा लावून सटासट बाहेर, धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद. एका आजीने मशीनला उलट धन्यवाद म्हटलं. दुपारी रीस्टार्ट करावाच लागला नाही, तर अंकुरला वेळ कसा घालवावा कळेना. त्याने भजी मागवली. अब्बांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना आचारी कळला, बाकी काही नाही, पण खूश झाले.

एक गोष्ट खटकतेय. टेबलात जेवढी नावं दिसतात त्यापेक्षा स्टॅटिस्टिक्स एक जास्त सांगतं. दिवसभर, प्रत्येक वेळी, एक जास्त.

आणि सगळे गेल्यावर, दांड्याजवळ कुणी नसताना मशीन बोललं. "नोंद नाही, पुन्हा प्रयत्न करा." थोड्या वेळाने पुन्हा. रौशनचाचा म्हणाले, काचेवर कापूस बसला की बोलतं, मागच्या सीझनपासूनचं आहे. मी काच पुसायला गेले. कापूस होता खरा. त्यात अंगठ्याचा ठसा होता, ओला.

२५ नोव्हेंबर

मला एक जास्त चालत नाही. चालवून घेणाऱ्यांनी ही वाट लावलीय.

आज फॅक्टरीला सुट्टी. फाटक बंद. मी रिकामं टेबल तयार केलं, कुणी अंगठा लावलेला नाही, आणि म्हटलं, मोज. उत्तर: एक. टेबल उघडलं तर काही नाही. पुन्हा मोज. एक.

स्टॅटिस्टिक्स नुसता आकडा ठेवत नाही. कोणत्या रकान्यात कोणती किंमत सापडली तेही थोडं टिपून ठेवतं. तिथे पाहिलं. आत आल्याची वेळ: सात मार्चची सकाळ. कामगार क्रमांकही होता. तो कामगारांच्या यादीत शोधला.

जमनी. टेम्पररी.

मी तशीच उठले आणि फाटकाबाहेर गेले. आज सुट्टी आहे हे धुरपताबाईला माहीत असणारच, तरी ती बसली होती. मी जमिनीवर तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, जमनी कधी गेली? तिला तारीख सांगता येईना. म्हणाली, होळीच्या आधी. सकाळी भाकर बांधून दिलती. पोलिसांकडे गेलती, तर ते फॅक्टरीत विचारून आले आणि म्हणाले, त्या दिवशी ती कामावर आलीच नाही, नोंदच नाही. "मी सोता इथलोक आलती तिच्यासंग, बाई. ते दांड्यातून आत गेली, मांगं पाहून हासली. आन् हे म्हन्तेत आलीच नाही."

  मला त्या दांड्याला लाथ मारायची होती.

२६ नोव्हेंबर

आज अंकुरला बसवून विचारलं. सात मार्चला काय झालं? आधी आठवेना. मग आठवलं. त्या दुपारी मागच्या आवारातली कवडीची गंजी, म्हणजे डागी, हलक्या कापसाची, एका बाजूने ढासळली होती. मुकादमाने ओरडून बायांना बाजूला घेतलं, वरून ताडपत्री टाकली. कवडीला भाव नव्हता म्हणून गंजी तशीच राहिली. अजून आहे. मी विचारलं, खाली कुणी नव्हतं ना हे पाहिलं? तो म्हणाला, सिस्टिमवर पाहणारच होतो. पण ती अडकली होती, म्हणून रीस्टार्ट केली. रीस्टार्ट झाल्यावर आत शून्य माणसं दाखवली.

शून्य! आवारात शेकडो माणसं चालतीबोलती डोळ्यांसमोर, आणि पडद्यावर शून्य. आणि ते शून्य पाहून यांचं समाधान झालं!

मी विचारलं, उन्हाळ्यात वास नाही आला? रौशनचाचा दारात उभे होते. म्हणाले, आला होता थोडे दिवस. उंदीर मेला असेल असं वाटलं.

उंदीर!

किसनरावांकडे गेले. मोजून-मापून बोलायचं असं ठरवून गेले होते, दारातच विसरले. त्यांनी शांतपणे ऐकलं, पेपरवेट गोल गोल फिरवत. म्हणाले, "फाटक चालून राह्यलं ना मॅडम? मंग एका आकड्यात कायले जीव अडकोता? मशीन हाये, चुकते." वर म्हणाले, ती मोजायची ओळ काढून टाका, आधीचंच बरं होतं. आणि मग, आवाज खाली आणून, तुमची ऑर्डर टेम्पररी आहे याची आठवण करून दिली.

मी म्हटलं, जमनीचीही टेम्पररीच होती. आणि दार आपटून आले. अख्ख्या ऑफिसने ऐकलं असेल. ऐकू दे.

संध्याकाळी मशीन पुन्हा कुणाला तरी सांगत होतं, नोंद नाही, पुन्हा प्रयत्न करा. मार्चपासून. रोज. ती बाहेर पडायचा प्रयत्न करतेय आणि हे तिला नियम सांगतायत.

२८ नोव्हेंबर

केलं. जे स्टॅटिस्टिक्सला दिसत होतं ते मी माझ्या हाताने पक्क्या हजेरीत उतरवलं. जमनी, आत आली सात मार्च, बाहेर गेली: रिकामं.

संध्याकाळी पाळी बंद करायची वेळ झाली आणि भोंगा वाजला. आत एक जण. अंकुर धावत आला, त्याचा हात रीस्टार्टकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं. जोरात धरलं, त्याच्या हातावर वळ उठले. म्हटलं, आज नाही.

भोंगा थांबेना. बाया घरी जायच्या थांबल्या. दांडा उघडा होता, धुरपताबाई लिंबाखालून उठली आणि आत आली. कुणी अडवलं नाही. तिने कुणाला काही विचारलं नाही, सरळ मागच्या आवारात गेली आणि ताडपत्रीचं टोक ओढायला लागली. एकटीने. मग एक बाई पुढे झाली, मग दुसरी, मग सगळ्याच. हातांनी उपसला कापूस. किसनराव ओरडत होते, पोलीस येऊ द्या, हात लावू नका. एकीनेही वळून पाहिलं नाही.

तिची भाकर कमरेलाच बांधलेली होती.

याहून जास्त लिहिणार नाही.

पंचनामा झाल्यावर तिला फाटकातून नेलं.  दांड्याजवळून जाताना मशीन बोललं. "धन्यवाद."

मी भिंतीला तोंड करून रडले. किसनराव पोलिसांना सांगत होते की जमनी त्या दिवशी कामावर नव्हती, बहुतेक चोरून आत शिरली असेल. ते ऐकून रडू थांबलं.

१ डिसेंबर

फॅक्टरी पुन्हा सुरू. सकाळी रिकाम्या टेबलाला म्हटलं, मोज. शून्य. खरंखुरं शून्य. काचेवर ठसा नाही. सगळे गेल्यावर मशीन गप्प. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, उगीच.

अब्बा म्हणतात, घरी ये. मी म्हटलं, अजून चौकशी व्हायची आहे. गंजीचा दुसरा अर्धा भाग किसनराव घाईघाईने रेच्यावर घालायचं म्हणतायत, म्हणजे ढासळल्याची खूणच राहणार नाही. फोटो काढून पोलिसांना देईन, मग येईन. अब्बा म्हणाले, तुझा राग तुला एक दिवस कुठेतरी अडकवेल. हे ते मी सहा वर्षांची होते तेव्हापासून म्हणतायत.

धुरपताबाई आज लिंबाखाली नव्हती. जागा रिकामी पाहून बरं वाटलं.

३ डिसेंबर, दुपार

हरामखोर. दुसरा शब्द नाही.

सकाळी प्रोग्रॅम उघडला तर माझ्या ओळीपुढे दोन आडव्या रेघा. दोन रेघा टाकल्या की मशीन ती ओळ वाचतच नाही. ओळ तिथेच असते, दिसते, पण नसल्यासारखी. अंकुरला विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "साहेबानं सांगतलं मॅडम, मी काय करू?" मी विचारलं, म्हणजे पुन्हा अंदाजे एक? पुन्हा दुपारी रीस्टार्ट? 

मी मोबाइल घेऊन मागच्या आवारात गेले फोटो काढायला. कुणाला सांगितलं नाही, कुणाला सांगायचं? गंजीच्या अगदी पायथ्याशी होते तेव्हा फाटकाच्या स्पीकरचा आवाज आला, सिस्टिम सुरू होत आहे. केलाच शेवटी रीस्टार्ट. मी रागाने वळले आणि वरचा एक कोपरा घसरला. थोडाच. कमरेपर्यंत आला असेल. धडपडले, उठले, झटकून आले. मोबाइल तिथेच पडला कुठेतरी. नंतर शोधते.

ऑफिसात आले तर अंकुरने मान वर केली नाही. मी दोनदा हाक मारली. कापूस खाऊन आले होते, आवाज बसलाय, पण इतकाही नाही. बरं. बोलायचं नाही तर नका बोलू.

३ डिसेंबर, संध्याकाळ

सगळ्यांनी वाळीत टाकलंय मला. चहावाला माझ्या टेबलाला वळसा घालून गेला. किसनराव माझ्यासमोरून फोनवर बोलत गेले, त्या कॉम्प्युटरवाल्या बाईची पीडा गेली एकदाची, दुपारीच सोडून गेली वाटतं, असं काहीतरी. माझ्यासमोर! मी टेबलावर हात आपटला. कुणी दचकलंही नाही. नाटकं चांगली येतात यांना.

रौशनचाचांनीसुद्धा. बेटा बेटा करणारा माणूस.

बोरी अरबला जावं म्हणून बॅग भरली. फाटकाशी अंगठा लावला.

नोंद नाही, पुन्हा प्रयत्न करा.

अर्थात नाही, दुपारी उडवली ना तुम्ही. अंकुरला म्हटलं, दांडा उचल. त्याने बाकी सगळ्यांसाठी उचलला. मी पुढे झाले तर माझ्यासमोर खाली आला. मी पुन्हा अंगठा लावला. पुन्हा. पुन्हा. रौशनचाचा म्हणाले, काचेवर कापूस बसला वाटतं परत, आणि फडक्याने काच पुसली. माझ्या अंगठ्याखालून पुसली.

तोंडातला कापूस जात नाही. किती चुळा भरल्या.

४ डिसेंबर

फोन वाजतोय. माझा. अब्बांची रिंग. मागच्या आवारातून, दबलेली, रजईखालून यावी तशी.

वाजून थांबतो. परत वाजतो. अब्बा हट्टी आहेत.

गेले. गंजीचा कोपरा घसरला म्हटलं होतं मी — कोपरा नाही. अर्धी बाजू आली आहे खाली. कमरेपर्यंत म्हटलं होतं —

त्यावर नवी ताडपत्री. कुणी टाकली? बघितलं नाही कुणी? टाकताना एकदाही नाही —

हात खुपसला. आवाजाच्या दिशेने. मोबाइल लागला.

मोबाइल धरलेला हात लागला.

४ डिसेंबर, नंतर

गरम आहे. तो हात गरम आहे. म्हणजे अजून — नीट विचार कर, कहकशां. मोकळा कापूस. हवा राहते त्यात थोडी. जीव आहे. अजून आहे.

उपसायला लागले. माझ्या हाताने कापूस हलत नाही. एक तंतू हलत नाही.

डायरीत लिहिता येतं. फक्त एवढंच येतं.

जमनीलाही असंच — किती वेळ? त्या दिवशी मोजलं असतं तर ती —

नाही. रडायचं नाही. राग ठेव. रागावर चाललं आहे सगळं.

५ डिसेंबर

अब्बा आलेत.

फाटकाबाहेर उभे आहेत, पंपाच्या ग्रीसने काळा झालेला तोच शर्ट. रौशनचाचांना विचारतायत, माझी मुलगी आत आहे, फोन उचलत नाही. चाचांनी पडदा पाहिला. म्हणाले, नोंद नाही, भाईसाहेब. परवापासून आलीच नाही ती.

अब्बा म्हणाले, क्वार्टर इथेच आहे ना तिचं? चाचा म्हणाले, निंघून गेली असन.

निघून गेली असेल. मी ओरडले. मी त्यांच्या कानाशी ओरडले.

अब्बांचा आवाज चढत नाही कधी. हळूच विचारतात, परत तेच. माझी मुलगी आत गेली, बाहेर का नाही आली?

लिंबाखाली जाऊन बसले. कुणी सांगितलं त्यांना, तिथे बसायचं म्हणून?

५ डिसेंबर

धुरपताबाई आली. अब्बांशी बोलली. मग फाटकाशी. किसनरावांना ऐकू जाईल असं म्हणतेय, "मह्या पोरीले जिनं बाहीर काढलं ते आतच हाये. मोजा तुमी. मोजून पाहा." तिच्यामागे बाया थांबल्यात. कामावर जात नाहीत.

मोजा म्हणतेय. बाई, तुला कसं कळलं —

किसनराव म्हणतायत, ऐकू नका, पाळी सुरू करा, मागची गंजी आज रेच्यावर घ्या. पाइप लावा.

पाइप —

अंकुर खुर्चीत बसलाय. प्रोग्रॅम उघडला त्याने. माझी ओळ समोर आहे. दोन रेघा. तो त्या रेघांकडे पाहतोय. त्याच्या मनगटावर अजून वळ आहेत माझ्या बोटांचे. तो वळांकडे पाहतोय.

काढ. अंकुर, काढ त्या. दोन रेघा, बस. एक आहे म्हणून धरून नको चालू, मोज, खरंच एक आहे —

किसनराव मागे येऊन उभे राहिले. सिस्टिम अडकली का म्हणतायत. रीस्टार्ट मार म्हणतायत.

-- अंकुरचा हात निघाला, कुठल्या बटणाकडे ते दिसत नाही

-- श्वासात सगळा कापूस

-- अब्बा उठले लिंबाखालून

-- आधी मोज रे. आत कोण आहे ते आधी मो